पुसलेल्या टेपा, फिल्मवरचे ठिपके

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरच्या दशकातली ब्रिटिश विनोदी मालिका लावली की एक फरक लगेच जाणवतो. पात्रं घरात असतात तोवर चित्र गुळगुळीत. दार उघडून रस्त्यावर आली की दाणेदार. घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ टेपवर घेत, बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर.

ही टेप दोन इंच रुंद, महागडी, आणि पुसून पुन्हा वापरता येणारी. त्यात नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा. मग टेप सांभाळायची कशाला? १९७८ पर्यंत बीबीसीत पुसापुशी सर्रास चालली. ‘डॅड्‌ज आर्मी’ या विनोदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग त्यातच गेले.

जे वाचलं, ते बरंचसं परदेशी विक्रीमुळे. मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून कृष्णधवल प्रती काढत आणि त्या देशोदेशी पाठवत. ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे हरवलेले नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात मिळाले, २०१३ मध्ये ते जाहीर झालं. पण टीव्हीवर सेकंदाला ५० अर्धचित्रं उमटतात, फिल्मवर २५ चौकटी. दोन अर्धचित्रं एका चौकटीत कोंबली की हालचाल अडखळते. आता संगणक मधली चित्रं नव्याने रचून ती बरीचशी सुरळीत करतो.

रंगांची गोष्ट याहून भारी आहे. ‘पाल’ या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत रंगाची माहिती सुमारे ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवरून जाते. प्रत काढताना मॉनिटरला फिल्टर लावून ही लहर गाळायची असते. काही वेळा ती गाळलीच गेली नाही, आणि कृष्णधवल फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली. तेव्हा तो दोष होता. आज तोच खजिना! त्या ठिपक्यांतून मूळ रंग काढता येतो. मात्र फिल्म आकसलेली असते, चौकट किंचित हललेली असते, मॉनिटरचं चित्र कडेला वाकलेलं असतं. म्हणून आधी उच्च दर्जाचं स्कॅनिंग, मग प्रत्येक ओळ जागच्या जागी आणणं. ठिपक्यांची जागा जरा चुकली की रंगच बदलतो. असा रंग परत मिळालेला ‘डॅड्‌ज आर्मी’चा ‘रूम अ‍ॅट द बॉटम’ हा भाग बीबीसीने २००८ च्या डिसेंबरात दाखवला.

फिल्टर चोख लावला असेल तर मात्र इलाज नाही. ‘डॉक्टर हू’च्या ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ या सहा भागांच्या कथेत पाच भागांचे रंग ठिपक्यांतून निघाले. पहिल्यात ठिपकेच नव्हते. त्याच्या हजारो निवडक चौकटी हाताने रंगवाव्या लागल्या.