चिठ्ठी पोहोचली, औषधाचं काय?

ई-प्रिस्क्रिप्शनचं, म्हणजे डॉक्टरांनी संगणकावरून पाठवलेल्या औषधाच्या चिठ्ठीचं, कौतुक बहुधा अक्षरापासून सुरू होतं. डॉक्टरांचं अक्षर लावत बसावं लागत नाही, हा फायदा खरा आणि मोठाही आहे. पण आज मला बोलायचंय ते 'पाठवा' हे बटण दाबल्यानंतर रुग्णाचं काय होतं याबद्दल.

चिठ्ठी पाठवण्याच्या पद्धती दोन. एकीत ती थेट एका ठरावीक औषध दुकानाकडे जाते. दुसरीत ती मध्यवर्ती साठ्यात जमा होते आणि रुग्ण ज्या दुकानात जाईल, तिथला फार्मासिस्ट ओळखपत्र पाहून ती उघडतो. एस्टोनियानं २०१० मध्ये देशभर ही दुसरी पद्धत सुरू केली. दोन्हींतला फरक कळतो तो दुकानात औषध नसतं तेव्हा. पहिल्या पद्धतीत चिठ्ठी तिथेच अडकते. ती दुसऱ्या दुकानाकडे वळवायला पुन्हा डॉक्टरांना गाठावं लागतं, आणि दवाखाना बंद असेल तर औषध लांबतं. कागद हातात असता, तर माणूस सरळ पुढच्या दुकानात गेला असता. त्यात यंत्रणा पूर्वी नोंदवलेलं दुकानच आपोआप निवडते. दरम्यान रुग्णानं घर बदललेलं असतं. म्हणून "औषध कुठून घेणार?" हा प्रश्न दर भेटीत विचारायलाच हवा.

कागद जाताना आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे आठवण. खिशातली चिठ्ठी औषध आणायचं राहिलंय हे सांगत असते. चिठ्ठी परस्पर गेली, की आपल्याला नेमकं काय लिहून दिलंय हेच कित्येकांना ठाऊक नसतं. पहिल्यांदाच सुरू झालेलं, विशेषतः रक्तदाबासारख्या न दुखणाऱ्या आजाराचं औषध तर आणायचं राहूनच जातं. डॉक्टरांच्या पडद्यावर मात्र ते 'चालू' दिसतं. पुढच्या भेटीत रक्तदाब वाढलेला दिसला की डोस वाढवला जातो, आणि मूळ डोस कधी पोटात गेलेलाच नसतो. यावर साधा उपाय आहे: औषधाचं नाव, ते कशासाठी, किती वेळा आणि कोणत्या दुकानात, एवढं छापून किंवा संदेशानं रुग्णाला द्यावं.

अक्षराच्या चुका गेल्या, तशा निवडीच्या चुका आल्या. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ आणि २५० मिग्रॅ, अशा दोन ताकदींत मिळतं. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिग्रॅ धरून १८० मिग्रॅ द्यायचे, तर पहिल्याचे ७.५ मिली होतात, दुसऱ्याचे ३.६. यादीत बोट एक ओळ खाली सरकलं आणि मिलीचा आकडा तोच राहिला, तर मुलाला ३७५ मिग्रॅ जातात, म्हणजे दुपटीहून जास्त. चिठ्ठी सुवाच्य असते, त्यामुळे शंकाही येत नाही. मात्रा मिली आणि मिग्रॅ अशी दोन्हींत लिहिली असेल, तर फार्मासिस्टला विसंगती पकडता येते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रकान्यात आधीच भरलेलं 'रोज' तसंच राहिलं आणि शेऱ्यात 'आठवड्यातून एकदा' लिहिलं, तर लेबलवर कोणतं छापलं जाईल याची खात्री नाही. हे औषध रोज घेतल्यानं जीव जाऊ शकतो. त्यामुळे त्याच्यासाठी 'रोज' हा पर्यायच आपोआप येता कामा नये.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे औषध बंद करणं. मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या गोळीची ताकद २५ मिग्रॅची ५० केली, तर डॉक्टर आपल्या यादीतून २५ खोडतात. पण रद्द केल्याचा संदेश दुकानाच्या संगणकाला वेगळा पाठवावा लागतो. तो पाठवण्याची किंवा घेण्याची सोय नसेल, तर तिथे जुन्या चिठ्ठीचे उरलेले महिने तसेच राहतात. रुग्णाला दोन्ही स्ट्रिप मिळतात आणि तो ७५ घेतो. नाडी मंदावते, चक्कर येते. तेव्हा नवी ताकद देताना फार्मासिस्टनं जुनी चिठ्ठी संगणकावर उघडून पाहावी, घरी २५ च्या गोळ्या उरल्यात का ते विचारावं, आणि "ही त्या गोळीच्या बदल्यात आहे" असं पाकिटावर हातानं लिहून द्यावं.