रंगमंचाचे तोंड कुणीकडे?

श्रोतेहो, नमस्कार. शहराचा विकास आराखडा म्हटला की रस्ते, गटारे, पार्किंग आणि इमारतींची उंची एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. त्याच आराखड्यात गाणे, नाटक, सण, हस्तकला आणि माणसांच्या एकत्र बसण्याच्या जागा यांनाही हक्काचे स्थान असावे, या विचाराला सांस्कृतिक नियोजन म्हणतात. युनेस्कोने २००४ साली सर्जनशील शहरांचे जाळे उभारले आणि योगायोगाने त्याच वर्षी भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला. त्या जाळ्यात आज जयपूर हस्तकलेसाठी, वाराणसी संगीतासाठी, तर कोळिकोड साहित्यासाठी आहे. गोव्यातील शहर त्यात नाही, याची खंत मला आहे. पण त्या मानाच्या आधी करायचे एक काम आहे. आपल्याकडे काय आहे, ते आधी विचारावे आणि मग आखावे.

याविषयी बोलताना मला अंत्रुज महालातील, म्हणजे फोंडा भागातील, एका गावाची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या गावच्या जत्रेत दरवर्षी गावकरीच मराठी नाटक करतात आणि मीही त्यात काही वर्षे लहानमोठ्या भूमिका केल्या आहेत. देवळाच्या प्रांगणात पोफळीचे खांब रोवून, फळ्या ठोकून, भाड्याचे पडदे लावून रंगमंच उभा राहायचा आणि त्याचे तोंड सदैव सभामंडपाकडे असायचे. नाटक पहिल्यांदा देव पाहतो, लोक त्याच्या मागे बसून पाहतात, अशी तिथली श्रद्धा आहे. नांदी देवाकडे पाहून म्हटली जाते आणि शेवटचा अंक संपेपर्यंत गाभाऱ्याचे दार लावले जात नाही.

एके वर्षी गावाला सिमेंटचा पक्का रंगमंच मिळाला. प्रशस्त, दोन्ही बाजूंना रंगपटाच्या खोल्या, दिव्यांची उत्तम सोय. मात्र मोकळ्या मैदानात जास्त खुर्च्या मावतील आणि गाड्या लावता येतील, म्हणून त्याचे तोंड रस्त्याकडे केले होते. उद्घाटनाच्या संध्याकाळी आमचे वृद्ध पेटीवादक पायरीला हात लावून वर चढले, सगळीकडे कौतुकाने फिरले आणि सावकाश म्हणाले, "माची बरी जाल्या. पूण देव खंयच्यान पळयतलो?" रंगमंच छान झाला, पण देव कुठून पाहणार? जमलेल्यांपैकी कुणालाही उत्तर सुचले नाही.

पुढच्या जत्रेत मंडळींनी पुन्हा पोफळीचे खांब रोवले. नाटक जुन्याच जागी झाले आणि नव्या रंगमंचावर कपड्यांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. रंग लावायला आम्ही नव्या खोल्यांत बसलो खरे, परंतु तिसरी घंटा झाली तेव्हा राजाचे काम करणारा नट मुकुट सावरत, फुटाणे-खाजे विकणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत होता. खर्च झाला होता, हेतूही चांगला होता. राहून गेली होती ती एक संध्याकाळ, गावकऱ्यांबरोबर बसून विचारण्याची. कागदावर रंगमंच फिरवायला एक पैसाही लागला नसता. म्हणून पुन्हा सांगतो, आधी विचारावे, मग आखावे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच पणजीत आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कुरैय्या यांनी कांपाल येथे कला अकादमीची रचना करताना रस्त्यापासून मांडवीच्या काठापर्यंत मोकळी वाट ठेवली. तिकीट न काढता, काही कारण नसतानाही, कुणीही त्या सावलीतून नदीपर्यंत जावे आणि जाता जाता एखाद्या वर्गातील तबल्याचे बोल त्याच्या कानी पडावेत, हे त्या वास्तूचे मोठेपण मला नाट्यगृहाच्या आसनसंख्येहून अधिक वाटते.

आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे. रात्री नाटक सुटल्यावर आतल्या गावांकडे परतण्यासाठी बस नसेल, तर ते नाट्यगृह फक्त वाहन असलेल्यांचे होते. तालमीसाठी शाळेचा एखादा वर्ग संध्याकाळी उघडा ठेवणे आणि प्रयोगाच्या रात्री उशिराची एक बस सोडणे, यांना नव्या इमारतीच्या तुलनेत फारच थोडा खर्च येतो. बसचे वेळापत्रक हाही सांस्कृतिक नियोजनाचाच कागद आहे, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या वाड्यापुरती, म्हणजे वस्तीपुरती, एक वही करावी. पेटी कोण शिकवतो, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा कोण बांधतो, शिगम्याचा मांड, म्हणजे नाचगाण्यासाठी जमण्याची ठरलेली जागा, कुठे आहे आणि नाचणाऱ्यांचा मेळ कोणत्या वाटेने जातो, तालीम कुणाच्या पडवीत होते, हे त्यात नाव, जागा आणि वेळ यांसह लिहावे. मांडावर फरशी घालायची झाल्यास अनवाणी नाचणाऱ्यांना आधी विचारावे, हेही त्यातच नोंदवावे. पुढच्या ग्रामसभेत किंवा पालिकेत आराखड्यावर चर्चा निघेल, त्या दिवशी ती वही सोबत न्यावी.