टी-यू-पी म्हणजे तूप

(दृश्य: येळ्ळूरचा बसथांबा, सकाळ. भातशेतीवर धुकं. बस येते.)

बसची पाटी कन्नड, कंडक्टर कन्नड, आणि जागेवरून चाललेलं भांडण मराठी. खिडकीशी बसलेली ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरून निघताना आजीशी बोलली ती मराठीत, तिकीट काढलं कन्नडमध्ये, आणि मांडीवरच्या वहीत जे आहे ते इंग्रजी. येळ्ळूरपासून बेळगावातल्या कॉलेजच्या फाटकापर्यंत ती रोज तीन भाषा ओलांडते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला वाटलं, म्हणून तिच्या मागोमाग निघालो.

तिचा विषय मानसशास्त्र. गल्लीत हे कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर?" दुसरा, "मग माझ्या मनात काय चाललंय सांग बघू." दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस झालेला असतो. आणि मन ओळखायचं तर या बी.ए.पेक्षा चहाच्या टपरीवर दोन वर्षं बसावं, जास्त कळेल.

(दृश्य: प्रयोगशाळा. लाकडी कपाट, टेबलावर उभा पडदा, स्टॉपवॉच.)

इथे नळ्या नाहीत, पांढरे कोट नाहीत. टेबलाच्या एका बाजूला प्रयोगकर्ता, दुसऱ्या बाजूला 'प्रयुक्त', म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. बहुतेक वेळा तो शेजारच्या बाकावरचा मित्रच असतो. हा आरसा बघा. समोर चांदणी काढलेली आहे, पण हात आडोशाखाली. फक्त आरशात बघून ती पेन्सिलनं गिरवायची. पहिल्या खेपेला पेन्सिल नेमकी उलटीकडे पळते. पाचव्या-सहाव्या खेपेला हात वठणीवर येतो. मग पेन्सिल डाव्या हातात द्यायची. तो हात या कामाला कधी बसलेलाच नाही, तरी त्याला बरंचसं येतं. उजव्याची शिकवणी डाव्याला फुकट मिळाली.

जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली प्रयोगशाळा काढली, तिथून हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा निघाला असं मानतात. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात 1916 साली आणि म्हैसूरला 1924 साली विभाग सुरू झाला. म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला शिकून आलेले. थोडं विषयांतर होतंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: याच मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी 1935 साली आपल्या घरातून रेडिओ केंद्र चालवलं आणि 'आकाशवाणी' हा शब्द त्या केंद्राचा.

(दृश्य: वहीचं पान. तीन-तीन इंग्रजी अक्षरांची यादी.)

आता ज्या प्रयोगासाठी आम्ही खरं तर आलो तो. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाला विसरणं मोजायचं होतं. ओळखीचा शब्द पाठ करायला दिला तर जुनी आठवण मदतीला धावते आणि मोजमाप बिघडतं. म्हणून त्यानं सुमारे 2300 निरर्थक अक्षरगट तयार केले, व्यंजन-स्वर-व्यंजन असे, आणि वर्षानुवर्षं स्वतःच ते पाठ करत बसला. प्रयोगकर्ताही तोच, प्रयुक्तही तोच. 1885 साली त्यानं आकडे छापले. पाठ केलेली यादी पुन्हा पाठ करताना 20 मिनिटांनंतर 58 टक्के मेहनत वाचायची, एका दिवसानंतर जेमतेम 34. विसरण्याचा मोठा घास पहिल्या दिवशीच जातो.

आपल्या मुलीला वर्गात अशीच यादी मिळाली. बारा अक्षरगट, कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून उतरवलेले. अट एकच: अर्थ असता कामा नये.

पहिला गट टी-यू-पी. तूप. तिसरा जी-यू-एल. गूळ. मग एन-ए-के, नाक. पुढे के-ई-एल. मराठीत केळ, आणि कन्नडमध्ये 'केळु' म्हणजे ऐक. एच-ए-एल: घरी 'हाल', बाजारात 'हालु', म्हणजे दूध. बारातले पाच पहिल्या वाचनातच अर्थ घेऊन समोर उभे. तिच्या मैत्रिणीनं, जी प्रयुक्त होती, तूप-गूळ-केळ-दूध असा नैवेद्यच मांडला आणि ते सगळे एका दमात म्हणून दाखवले. आकडे एबिंगहाउसच्या आकड्यांच्या जवळपासही गेले नाहीत. वहीत 'चुकांची संभाव्य कारणे' असा रकाना असतो. बहुतेक मुलं तिथे 'बाहेरचा गोंगाट' लिहितात. हिनं लिहिलं, 'यादी.'

हे आम्हाला फार आवडलं.

(दृश्य: जुने बेळगाव. गणपत गल्ली, दोन लिप्यांतल्या दुकानांच्या पाट्या.)

भाषेनं मोजमाप बिघडतं ही अडचण या भागाला नवी नाही. बुद्धी मोजण्याची बिने यांची चाचणी फ्रान्समध्ये 1905 साली निघाली, अमेरिकेत 1916 साली सुधारली गेली. ती इथल्या मुलांना जशीच्या तशी लावणार कशी? व्ही. व्ही. कामत यांनी तिचं भारतीय रूप केलं. त्यावरचा त्यांचा 1934 सालचा शोधनिबंध नेमका कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांबद्दल होता. बेळगाव आणि धारवाड तेव्हा दोन्ही मुंबई इलाख्यात. बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. दोन भाषांच्या मुलांना एका कसोटीवर घ्यायचं, तर आधी कसोटीलाच दोन भाषा शिकाव्या लागल्या.

अभ्यासाची पुस्तकं म्हणाल तर पेपर इंग्रजीत, म्हणून वाचन इंग्रजी. समजून घ्यायला कोल्हापूरहून आणलेली मराठी पुस्तकं. त्यांतले शब्द मात्र असे, की रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हच्या कुत्र्याला, दरवेळी आवाजामागून खाणं मिळतं म्हणून, पुढे नुसत्या आवाजानंच लाळ सुटली, यालाच तिथे 'अभिजात अभिसंधान' म्हणतात. ऐकून वाटावं, संध्याकाळी गायनाची मैफल आहे. ती 'कंडिशनिंग'च म्हणते.

संख्याशास्त्रही असतं. त्याबद्दल ती फार बोलली नाही.

(दृश्य: घराची पडवी, संध्याकाळ. ती तांदूळ निवडते आहे.)

हा विषय का घेतलास, असं विचारल्यावर ती पहिल्यांदा गप्प बसली. मग म्हणाली, आत्यामुळं. आत्याची झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं. एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर कन्नड, आत्या फक्त मराठी, म्हणून मधे दुभाषा आतेभाऊ. आत्या म्हणाली, "जीव नकोसा झालाय." पोरानं जरा विचार केला, किंवा त्याला लाज वाटली, आणि डॉक्टरांना सांगितलं, "सुस्तु." थकवा. टॉनिकची बाटली घेऊन सगळे घरी आले. तेव्हा ही अकरावीत होती, बाकड्यावर शेजारीच बसलेली, आणि दोन्ही वाक्यं तिला कळली होती.

आत्या आता बरी आहे. धारवाडला वेगळ्या डॉक्टरांकडे नेलं.

पदवीवर तिला कुणावर उपचार करता येणार नाहीत, हे तिला माहीत आहे. पुढे एम.ए., मग रुग्णालयात राहून घ्यायचं प्रशिक्षण, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. त्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. मधे पदवीच चार वर्षांची झाली होती. कर्नाटकानं 2024-25 पासून ती परत तीन वर्षांची केली. घरच्यांना तेवढंच बरं वाटलं.

(दृश्य: तीच पडवी. आजी चटईवर, नात समोर वही घेऊन.)

यादी तिनं नवीन केली आहे. प्रत्येक अक्षरगट मराठीत तपासला, कन्नडमध्ये तपासला, इंग्रजी शब्दकोशात बघितला. आठ उरले. प्रयुक्त म्हणून आजी.

"काय करुलालीस गं?"

"प्रयोग, आज्जी. मी म्हणते ते तू नुसतं ऐकायचंस. कशालाच अर्थ नाही हं."

ती एकेक म्हणते. स्टॉपवॉच चालू आहे. पाचवा गट येतो: झुब.

आजी हात वर करून थांबवते. "खानापूरला माझ्या माहेरी म्हस होती. झुबी. तिचं नाव तुला कुणी सांगितलं?"