वाय-फाय जोडलं जातं, पण पत्ता मिळत नाही

तक्रार बहुधा अशीच येते: वाय-फाय जोडलं जातंय, पासवर्ड चालतोय, इंटरनेट मात्र नाही. लॅपटॉपचा आयपी पाहावा तर १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीची (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेची) विनंती निघाली, उत्तर आलं नाही. अशा वेळी बरेच जण ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) रीस्टार्ट करत बसतात. त्याने सहसा काही साधत नाही, कारण रेडिओचं काम झालेलं असतं. अडलंय ते केबलच्या पलीकडे.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर क्रमांक देऊन वेगळी ठेवलेली जाळी. समजा, उपकरणांच्या व्यवस्थापनासाठी व्हीलॅन १०, कर्मचाऱ्यांसाठी २० आणि पाहुण्यांसाठी ३० आहे, आणि तक्रार कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपची आहे. ॲक्सेस पॉइंट स्वतःचा पत्ता १० मधून, टॅगविना घेतो. २० आणि ३० च्या फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) तो व्हीलॅनचा क्रमांक सांगणारा, ८०२.१क्यू मानकाचा चार बाइटांचा टॅग लावतो. तेव्हा स्विचचं पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारं) हवं, नेटिव्ह व्हीलॅन (टॅगविना येणाऱ्या फ्रेमचा) १०, आणि परवानगीच्या यादीत तिन्ही. ट्रंकऐवजी टॅग्ड-अनटॅग्ड अशी मांडणी असलेल्या स्विचवर १० अनटॅग्ड, बाकीचे दोन टॅग्ड.

आता कॉन्फिगरेशन वाचत बसण्याआधी स्विचचा मॅक टेबल उघडा; कोणत्या उपकरणाचा मॅक (हार्डवेअर) पत्ता कोणत्या पोर्टवर, कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसला, ते त्यात असतं. अडलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता ॲक्सेस पॉइंटच्या क्लायंट यादीतून घ्या. हल्लीचे फोन खरा पत्ता लपवून बनावट वापरतात, त्यामुळे सेटिंगमधला पत्ता दगा देऊ शकतो. तो पत्ता ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर व्हीलॅन २० मध्ये दिसला, तर टॅग तिथवर नीट पोचला. १० मध्ये दिसला, तर एसएसआयडीला (वाय-फायच्या नावाला) व्हीलॅन नेमायचा राहिलाय. कुठेच नसेल, तर पोर्ट ॲक्सेस मोडमध्ये (एकाच व्हीलॅनचं, टॅगविना) आहे, यादीत २० नाही, किंवा स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नाही. ही शेवटची चूक फार चकवते. सिस्कोवर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’मध्ये परवानगी असलेले आणि प्रत्यक्ष सक्रिय असलेले व्हीलॅन वेगळे दिसतात, दोन्ही ओळी पाहा.

पहिल्या स्विचवर सगळं ठीक असेल, तर तोच पत्ता पुढच्या स्विचवर शोधा. जिथे तो दिसेनासा होतो, त्याच्या अलीकडच्या अपलिंकवर (दोन स्विच जोडणाऱ्या दुव्यावर) दोष. त्या अपलिंकवर अनेकदा कुणीतरी नुकताच ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असा आदेश दिलेला असतो. त्यात ‘ॲड’ राहिलं की नवा व्हीलॅन यादीत मिसळत नाही, जुनी यादीच पुसली जाते. मग १० ही जातो आणि पलीकडचे सगळे ॲक्सेस पॉइंट ऑफलाइन होतात.

मॅक पत्ता गेटवेपर्यंत (जाळ्यातून बाहेर नेणाऱ्या राउटरपर्यंत) दिसतोय, तरी आयपी नाही? लॅपटॉपला २० मधला मोकळा आयपी हाताने द्या आणि गेटवेला पिंग करा. उत्तर आलं तर व्हीलॅन निर्दोष. डीएचसीपी रिले (विनंती दुसऱ्या जाळ्यातल्या सर्व्हरकडे पोचवणारी सोय), संपलेला पत्त्यांचा साठा आणि डीएचसीपी स्नूपिंगमध्ये (अनोळखी डीएचसीपी उत्तरं अडवणाऱ्या सुरक्षेत) अपलिंक ट्रस्टेड आहे का, हे तपासा.

ॲक्सेस पॉइंटवर व्यवस्थापन व्हीलॅन म्हणून १० हा आकडा टाकला आणि ॲक्सेस पॉइंटच लगेच गायब झाला, तर बहुधा तो आता टॅग लावून बोलतोय आणि स्विच टॅगविना उत्तर देतोय. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा.

आणि सगळी रहदारी कंट्रोलरपर्यंत (सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या यंत्रापर्यंत) बोगद्यातून, म्हणजे दुसऱ्या पाकिटात गुंडाळून, जात असेल, तर ॲक्सेस पॉइंटचं पोर्ट ॲक्सेस मोडमध्येच बरोबर आहे. ही सारी तपासणी कंट्रोलरच्या पोर्टवर करा.