येळ्ळूरच्या वाऱ्यात कुठली डिस्क?

पत्रिकेत आधी ‘डिस्क गोल्फची ओळख’, म्हणजे चेंडूऐवजी प्लास्टिकची थाळी फेकून खेळायच्या गोल्फची ओळख, असा विषय छापायचा ठरला होता. तो मी बदलून घेतला. ओळखच करून घ्यायची तर रविवारी सकाळी माळावर या, दहा मिनिटांत होते. इथं बसलेल्यांतले बरेच जण तिथं येतातच आणि त्यांच्या पिशवीत काय काय आहे ते मला पाठ आहे. आज बोलायचंय ते त्या पिशवीतल्या एकाच डिस्कबद्दल. वारं सुटलं, किंवा आधीची फेक करवंदीच्या जाळीत गेली, की जी बाहेर काढायची ती. ती अतिशय ओव्हरस्टेबल ड्रायव्हरच (लांब फेकायची डिस्क) हवी, आणि ती निवडताना आपल्याकडं सर्रास नको त्या आकड्याकडं बघितलं जातं.

डिस्कवरचे आकडे चार: स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न, फेड. पुढं बसलेल्या आजींसाठी एकदाच सांगतो, नातवाला त्याच सोडायला येतात. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून आडवा नेऊन, फेकली की डिस्क वेगात असताना उजवीकडं कलायला बघते, तो टर्न. वेग उतरला की डावीकडं वळून खाली येते, तो फेड. ओव्हरस्टेबल म्हणजे जी उजवीकडं कलत नाही आणि शेवटी डावीकडं ठासून येते. एवढं कळलं की आजी, तुम्ही नातवाला सल्ला द्यायला मोकळ्या.

आता बेळगावजवळच्या येळ्ळूरची, राजहंसगडाखालच्या माळावरची गोष्ट. काहींनी ती ऐकली आहे, पण आज ती कारणासह ऐका. जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस अजून चोर्ला घाटापलीकडं अडकलेला, पण पश्चिमेचं वारं माळावर येऊन पोचलेलं. आपल्याकडं डिस्क अडकवायच्या साखळ्यांच्या टोपल्या नाहीत, आपण झाडं ठरवून खेळतो. त्या दिवशी निशाण होतं पश्चिमेकडचं एकटं आंब्याचं झाड, म्हणजे वारं थेट तोंडावर. शहापूरचा एक पोरगा, इंजिनिअरिंगला शिकणारा, नवी डिस्क घेऊन आला होता. स्पीड १३, टर्न उणे १ (उणे म्हणजे उजवीकडं कलणारी), वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. हलकी का घेतलीस विचारलं, तर म्हणाला, “सर, हलकी लांब जाते.” निवांत हवेत ते खरंही आहे.

पोरानं जीव लावून फेकली. पहिली थोडी वाट सरळ गेली, मग उजवीकडं कलली, आणखी कलली, पार कडेवर उभी राहिली आणि बांध ओलांडून खालच्या शेतात घरंगळत गेली. तिथं एक मामा भाताची धूळवाफ पेरणी आटपून बसले होते. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि ओरडले, “काय ओ, थाळी फेकताय व्हय माझ्या शेतात?” आम्ही माफी मागितली. तर मामा हसले आणि उठून त्यांनी ती आमच्याकडं भिरकावली. उजव्याच हातानं, बॅकहँडच, कुणी न शिकवता. आता वारं त्यांच्या पाठीशी होतं. तीच डिस्क, तोच माळ. ती जेमतेम बांधावर आली, झटकन डावीकडं वळली आणि धप्प खाली.

माझं निम्मं व्याख्यान त्या मामांनीच दिलं बघा. डिस्कला जमिनीवरचा वेग कळत नाही, तिला फक्त तिच्या अंगावरून जाणारी हवा कळते. तुम्ही ताशी ९० किलोमीटरनं फेकलीत आणि समोरून २५ चं वारं असलं, तर तिच्या दृष्टीनं वेग ११५ झाला. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. वारं पाठीमागून असलं तर हाच वेग ६५ आणि जोर जवळजवळ निम्मा. वेगात असताना हवा डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबते, वेग उतरल्यावर वर उचलते. डिस्क गरगर फिरत असते म्हणून हा दाब पुढंमागं दिसत नाही, आडवा दिसतो: नाक दाबलं गेलं की उजवीकडं, उचललं गेलं की डावीकडं. म्हणून समोरचं वारं प्रत्येक डिस्कचा टर्न वाढवतं आणि पाठीमागचं तिला लवकर खाली पाडतं.

यात आपल्या गावाचाही हात आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर, इथली हवा किनाऱ्यापेक्षा जरा विरळ. त्यामुळं इथं सरळ जाणारी डिस्क घेऊन पणजीच्या वाळूवर खेळायला गेलात की ती थोडी जास्त उजवीकडं कलते. गोव्याहून येणाऱ्यांचं उलटं होतं. ते म्हणतात, तुमच्या माळावर डिस्क तरंगत नाही. माळाला बोल लावू नका, हवेचा हिशेब करा.

आता माझी तक्रार. ही मी सगळीकडं करतो, इथंही करणार. डिस्क विकणारे आणि विकत घेणारे दोघंही पहिला आकडा बघतात. स्पीड १३ म्हणजे भारी, ९ म्हणजे पोराटोरांची. मी एका दुकानाकडं स्पीड ९ ची, फेड ४ ची, १७५ ग्रॅमची डिस्क मागवली होती. पेटी उघडली तर आत स्पीड १३, वजन १६०, आणि सोबत चिठ्ठी: ‘याहून चांगली पाठवली आहे.’ कुणासाठी चांगली? स्पीडचा आकडा ही डिस्कची ताकद नाही. ती तिनं तुमच्या हाताकडं केलेली मागणी आहे. तेवढ्या वेगानं फेकता आली नाही, तर टर्न आणि फेड हे पुढचे दोन्ही आकडे खोटे पडतात. शिवाय १३ ची कड रुंद. पावसात ओल्या बोटांना ती धरवत नाही, आणि धरवत नाही ती डिस्क डगमगत सुटते.

कडेवरून आठवलं, या खेळाचं मूळ कडेतच आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला एड हेड्रिक यांनी पहिलं कायमचं मैदान आखलं, तेव्हा लोक साध्या फ्रिस्बीच फेकत होते. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी डिस्कची कड तिरकी आणि धारदार केली आणि डिस्क वाऱ्यात घुसायला लागली. बारा वेळा विश्वविजेते झालेले केन क्लायमो यांचं नाव ज्या डिस्कवर छापून येतं, ती फायरबर्ड बघा: ९, ३, ०, ४. स्पीड ९ च. त्या दिवशी मामांच्या शेतानंतर आमच्यातल्या एकानं हीच फेकली. पोराच्या डिस्कइतकी लांब गेली नाही. समोरच्या वाऱ्यात सरळ राहिली, शेवटी डावीकडं वळली आणि आंब्याजवळ बसली.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं. आणि जाळीचा भाग राहिलाच की! तर भराभर.

रानात डिस्क गेली की धावत येऊन फेकता येत नाही. उभ्यानं, कधी गुडघ्यावर, घाणेरीत कोपर अडकवून फेकायची. हाताला वेग नसतो, म्हणून तिथं १३ ची डिस्क लगेच गळपटते. ९ ची, फेड ४ ची तेवढ्या वेगातही भरवशानं वागते. वरून फांदी आडवी असेल तर फोरहँडनं (तळहात पुढं ठेवून) खालून काढा, शेवटी ती उजवीकडं वळेल. मनगटाचा झटका चुकला तरी ही डिस्क उलटत नाही. कडक जमिनीवर पुढं घसरून बरीच पावलं जास्त देते, गवतात देत नाही. जाळी उंच असेल तर डावी कड खाली झुकवून उंच मारा, ती उभी येऊन जागेवर रुतते. नियम मात्र पाळा: पाय डिस्कच्या मागच्या २० बाय ३० सेंटीमीटरच्या चौकटीत, आणि झाडाझुडपाला कमीत कमी हलवून उभं राहायचं. करवंदीच्या फांद्या मोडायच्या नाहीत. ते नियमातही बसत नाही आणि करवंदं कुणाची तरी असतात.

वारं आडवं असेल तेव्हा: उजवीकडून येणारं वारं डावी कड खाली झुकलेल्या डिस्कच्या पोटात शिरून तिला डावीकडं लांब नेतं, डावीकडून येणारं पाठीवर बसून खाली दाबतं. नेम त्याप्रमाणं सरकवा. समोरच्या वाऱ्यात नाक वर ठेवून फेकलीत तर कुठलीही डिस्क फुगून मागं येईल, तिथं ओव्हरस्टेबलही वाचवत नाही.

निवडताना टर्न शून्य किंवा अधिक, फेड ४ किंवा जास्त, वजन १७० ते १७५. प्लास्टिक टिकाऊच घ्या. जांबोटीकडच्या जांभ्यावर स्वस्त प्लास्टिकची कड महिन्या-दोन महिन्यांत झिजते, आणि कड झिजली की ओव्हरस्टेबलपणा गेला. रंग गुलाबी नाहीतर नारिंगी. श्रावणात हिरवी डिस्क शोधायला मी येणार नाही.

एकाच नावाच्या दोन डिस्कही सारख्या नसतात. बाहेर टेबलावर काही ठेवल्या आहेत. त्या सपाट ठेवून डोळा टेबलाच्या पातळीवर आणा आणि कडेचं टोक टेबलापासून किती उंचावर आहे ते बघा. टोक उंच आणि पाठ सपाट असेल ती वाऱ्यासाठी काढून ठेवा. चहा तिथंच आहे, कप मात्र डिस्कवर ठेवू नका.