संध्याकाळचा एक तास

श्रोतेहो, नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळेत मी खेळ शिकवते. आज तुमच्याशी बोलायचंय ते फक्त एका तासाबद्दल. शाळा सुटल्यावर मुलगी मैदानावर थांबते, त्या तासाबद्दल.

पाचवीतली नवी मुलगी खो-खोला आली की पहिले काही दिवस तिचा खो ऐकूच येत नाही. बसलेल्या मुलीच्या पाठीला मागून हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं, असा नियम आहे. पुटपुटलेला खो पंच मानत नाहीत. हात बरोबर पडतो, आवाज मात्र घशातच राहतो. घरी ‘हळू बोल, दात काढू नको’ ऐकतच ही लेकरं मोठी झालेली असतात. म्हणून सुरुवातीला मी पळायला लावतच नाही. एक आड एक, विरुद्ध दिशांना तोंड करून, उकिडवं बसवते. टाचा वर, पंजे मातीत रोवलेले. आणि आठवडाभर नुसता खो द्यायला लावते. शनिवारपर्यंत तोच आवाज फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकू जातो. हे मी दरवर्षी पाहते, आणि दरवर्षी माझा ऊर भरून येतो.

मैदानही आम्हीच तयार करतो. आपली काळी माती पावसात पायाला गोळ्यासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग फक्की मारून पट्ट्या आखायच्या. खांब गुळगुळीत आहे की नाही हे मुली स्वतः हात फिरवून बघतात, कारण खांबाला धरून सूर मारताना लाकडाचं कुसळ गेलं तर तळहात फाटतो.

अशाच मातीवर धाराशिवची सारिका काळे खेळली. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं खो-खोचं सुवर्ण जिंकलं आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची आपल्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात तिरंगा घेऊन चालली. ती गोळाफेक करते. ही नावं मी वर्गात मुद्दाम घेते. मुली लगेच नकाशात केज शोधतात.

मग अडतं कुठं? अडतं आठवीत. सातवीपर्यंत माझ्याकडं दोन संघ होतील एवढ्या मुली असतात. आठवीच्या दिवाळीनंतर एकेक येईनाशी होते. ‘कामून गं?’ विचारलं की मान खाली. ‘माय म्हणली, आता बास झालं.’ पाळी सुरू झालेली असते, घरी धाकटं भावंड असतं, धुण्याभांड्यांचा ढीग वाट बघत असतो. आणि ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांची तर गोष्टच निराळी. जिल्हा, विभागाचे सामने सुरू व्हायला आणि कोयता निघायला एकच वेळ येते. माझी एक चांगली पळणारी मुलगी विभागाच्या सामन्याच्या चार दिवस आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. तिचा बूट अजून माझ्या कपाटात आहे. मायबापहो, अशा मुलीला आजीजवळ ठेवता आलं, हंगामी वसतिगृहात ठेवता आलं, तर ठेवा. एवढी विनवणी आहे.

दुसरं, खाणं. पळताना मुलीला धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, तेव्हा लोक म्हणतात, पोरीच्या जातीला खेळ झेपत नाही. झेपत नाही ते रक्त कमी असल्यामुळं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली लपवून फेकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घेऊ द्या, आणि पुढं-मागं तासभर चहा देऊ नका. चहानं लोह अंगी लागत नाही. घरात शेंगदाणे आहेत, गूळ आहे, मटकी आहे. मुलाच्या ताटात पडतं तेवढंच तिच्याही ताटात पडू द्या.

राहिला घरी पोचायचा प्रश्न. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण आमच्याकडची गाडी पाचला निघते आणि सराव सुरूच होतो पाचला. त्यानंतर थेट अंधारात. वेळ बदलावी म्हणून अर्ज दिले, अजून काही झालेलं नाही. तेव्हा एका वाडीतल्या तीन बापांनी आपसात ठरवलं: दोन दिवस तू, दोन दिवस मी, दोन दिवस तो. टमटम घेऊन सहाला फाटकाशी यायचं आणि वाडीच्या सगळ्या मुली घेऊन जायच्या. मागच्या वर्षी आठवीतून त्या वाडीची एकही मुलगी गळाली नाही.

त्यातले एकजण सुरुवातीला गाडीतच बसून राहायचे. मग कुंपणाशी उभे राहू लागले. मग पट्टीजवळ आले. आता ते साडेपाचलाच येतात, माझं घड्याळ मागून घेतात, आणि त्यांची लेक बाद झाली की तिला ओरडून सांगतात, ‘दोन मिनटं दहा सेकंद! कालच्यापेक्षा आठ जास्त!’

नमस्कार.