भोकं तर जांभ्यालाही आहेत, मग तो का बुडतो?

(हर्णैची पुळण. मागे सुवर्णदुर्ग. पुढ्यात पाण्याने भरलेली बादली.)

नमस्कार मंडळी! बादलीत समुद्राचं पाणी आहे आणि माझ्याकडे तीन दगड आहेत. हा इथलाच काळा कातळ. हा जांभा, घराच्या चिऱ्याचा तुकडा. आणि ही टाचा घासायची वजरी, खऱ्या प्युमिस दगडाची, बाजारातून आणलेली.

कातळ सोडतो... गेला तळाला. वजरी... तरंगतेय बघा. आता जांभा. याची भोकं तर वजरीपेक्षा मोठी आहेत, बोट घुसेल एवढी. सोडू? बुडाला! आणि बुडबुडे सोडत गेला. ते बुडबुडे लक्षात ठेवा, आपल्याला तिथेच परत यायचंय.

विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर आली की दोर तळहातात रुततो. कारण बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला वर लावतं. आर्किमिडीजने हे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. एक लिटर समुद्राचं पाणी भरतं साधारण १.०२५ किलो. तेवढ्याच आकाराचा घट्ट कातळ भरतो जवळजवळ ३ किलो. पाणी एक किलो पेललं, बाकीचे दोन किलो कोण पेलणार? प्युमिस तेवढ्याच आकारात किलोच्याही आत, म्हणून तो वर.

आता गंमत ऐका. कातळ आणि प्युमिस, दोघेही ज्वालामुखीचीच लेकरं. आपला कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मग एक जड, एक हलका, असं का? स्वयंपाकघरात चला. घावण्याचं पीठ पातळ असतं, त्यात बुडबुडा आला तर लगेच वर येऊन फुटतो. आंबोळीचं आंबलेलं पीठ दाट, त्यात बुडबुडे अडकून बसतात आणि पीठ फुगतं. आपल्या कातळाचा लाव्हा घावण्याच्या पिठासारखा. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, कमी, म्हणून तो पातळ आणि वाहता, बहुतेक वायू निसटून गेला. थोडे बुडबुडे राहिले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजं भरली. कातळावर पांढरे ठिपके दिसतात ना, त्यातले बरेचसे तेच. प्युमिसचा लाव्हा बहुधा सिलिकाने भरलेला, दाट. स्फोटात वर येताना त्यावरचा दाब एकदम सुटला, आतला वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला आणि तो फेस तसाच थिजून काच झाला.

आता जांभा. त्याची भोकं वायूची नाहीतच. हजारो-लाखो वर्षं पाऊस झिरपला, विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. त्यातली बरीच भोकं एकमेकांना जोडलेली. पाणी एका बाजूने शिरतं, हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. तेच ते बुडबुडे! आषाढात चिऱ्याची उघडी भिंत ओल धरते तीही याच वाटांनी. शिवाय जांभ्याच्या भोकांभोवतीच्या भिंतींत लोह, म्हणजे दगड मुळातच जड.

म्हणजे नुसती भोकं असून भागत नाही, हवा आत राहायला हवी. प्युमिसचीही बरीच छिद्रं जोडलेली असतात, पण ती इतकी बारीक की आत शिरलेलं पाणीच पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळे, हवेची वाट अडवून धरतं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी दगडाच्या आत डोकावून हे दाखवलं, २०१७ मध्ये. ही कोंडलेली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि मग प्युमिसही बुडतो. पण तोवर तो कुठच्या कुठे जातो! ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या दक्षिणेला समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. त्याचा प्युमिस हजारहून जास्त किलोमीटर वाहत ऑक्टोबरमध्ये ओकिनावाला लागला. बंदरं राखाडी खड्यांनी भरली, इंजिनात खडे ओढले जातील म्हणून मासेमारी अडली. समोरच्या या होड्या बघतो तेव्हा मला ते चित्र दिसतं.

शेवटचा प्रयोग. वजरीचा हा तुकडा मी पाट्यावर वाटून आणलाय, अगदी बारीक. दगड तोच, फक्त आतल्या खोल्या मोडल्या. वाटीत पाणी घेतलं, पूड टाकली, चमच्याने ढवळतो...

(कॅमेरा वाटीजवळ. पूड तळाशी बसते.)